गोलामागची खुर्ची

वीणा उकिडवेला स्पष्ट हो किंवा स्पष्ट नाही म्हणताना कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. काही विचारलं की ती मान हलवायची. ती मान वर-खाली जायची नाही. या खांद्याकडून त्या खांद्याकडे नुसती झुलायची. आपल्याकडे याचा अर्थ हो. पण वीणाच्या मानेत त्या होचे सतरा प्रकार होते, आणि त्यातल्या निम्म्यांचा अर्थ ‘बघू’, ‘कशाला उगीच’, ‘तुम्ही म्हणाल तसं’ असा काहीतरी व्हायचा. तिचे यजमान डॉक्टर रघुवीर उकिडवे हे भूलतज्ज्ञ. समोरच्याला आधी झोपवायचं आणि मग पुढचं काम, ही त्यांची जन्माची सवय. तिच्या मानेचा आपल्याला सोयीचा अर्थ लावून ते मोकळे व्हायचे. लंडनजवळच्या इल्फर्डच्या घरातला चॉकलेटी लेदरचा सोफा असाच आला. वीणाला तो दुकानातच आवडला नव्हता. सोफा कसला, म्हैस बसलीय नुसती! पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं मान झुलवली, आणि शनिवारी म्हैस दारात हजर. पुढची एकोणीस वर्षं वीणा तिच्यावर निमूट बसली.

आणि या बाईनं आइस हॉकीच्या लीगमध्ये गोल झाला की नाही हे ठरवायचं काम पत्करावं! आता बोला.

त्याचं असं झालं, की २००३च्या ऑगस्टमध्ये लंडनला भयंकर उन्हाळा पडला. वीणा हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. मायक्रोस्कोपला डोळा लावून रक्ताच्या पेशी मोजायच्या, हे तिचं पंचवीस वर्षांचं काम. घरी येताना बसमध्ये तिला गरगरायला लागलं. दोन स्टॉप आधीच ती उतरली आणि समोर जे दार उघडं दिसलं त्यातून आत शिरली. आत अंधार होता, आणि अंधाराच्या मधोमध एक भलंमोठं पांढरं अंगण लख्ख उजळलेलं. चेहऱ्यावर गार हवा आली. अहाहा! वीणा पहिल्या बाकावर टेकली. बर्फावर लाल जर्सी घातलेले पंधरा-वीस गडी नुसते फिरत होते, कुणी लांब कुठेतरी रेशमी कापड फाडत बसावं तसा त्यांच्या बुटांचा आवाज येत होता. ती दीड तास उठली नाही. दुसऱ्या दिवशी उन्हाचं निमित्त झालं. सप्टेंबर लागला, पाऊस सुरू झाला, तरी ती जातच राहिली.

तो त्या भागाचा संघ. नाव हेरन्स. हेरन म्हणजे आपला बगळा, म्हणून वीणा मनातल्या मनात त्यांना बगळेच म्हणायची. आठवडाभर हे बगळे नळ दुरुस्त करायचे, टपाल वाटायचे, शाळेत शिकवायचे. आणि शनिवार आला की देशभराच्या लीगमध्ये खेळायचे. शनिवारी बसनं दुसऱ्याच्या गावी, रविवारी संध्याकाळी इथे घरी.

स्कोअरच्या टेबलावर मॉरीन नावाची सत्तरीची ठसकेबाज बाई बसायची. तिनं पाच-सहा आठवडे वीणाला पाहिलं आणि एक दिवस सरळ विचारलं, “एका रेषेकडे न हलता बघत बसता येईल तुला?”

वीणानं मान झुलवली. मॉरीननं तिला हाताला धरून नेलं आणि गोलमागच्या खुर्चीत बसवलं. आधीचा माणूस स्पेनला राहायला गेला होता, खुर्ची रिकामी होती, एवढं साधं ते.

कामही साधंच. गोलच्या जाळीमागे, काचेपलीकडे एक खोपटं. त्यात खुर्ची आणि वायरला लोंबणारं एक बटण. काळी रबरी चकती लाल रेषा पूर्ण ओलांडून जाळीत गेली की बटण दाबायचं. डोक्यावरचा लाल दिवा पेटतो. दिवा पेटला की गोल. मॅचचं घड्याळ शून्यावर आलं की मात्र दिव्याची वीज आपोआप तुटते, वेळ संपल्यावरचा गोल चुकूनही लागू नये म्हणून. आणि खोपट्यात बसणाऱ्यानं कुणाच्याच बाजूचं असायचं नाही. टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, संघाचा मफलर घालायचा नाही.

हे काम वीणाला इतकं मानवलं की तिचं तिलाच नवल वाटलं. दिव्याला मान नव्हती ना! पेटला म्हणजे पेटला. त्याचा कुणी सोयीचा अर्थ लावू शकत नव्हतं. तीन सीझन ती त्या खुर्चीत बसली, शेकडो वेळा अंगठा दाबला, आणि तोंडानं काही सांगायची वेळ तिच्यावर एकदाही आली नाही.

खोपट्यात हजार लोकांचा आरडाओरडा पाण्याखालून आल्यासारखा ऐकू यायचा. थर्मासमधला चहा, गुडघ्यांवर जुनी शाल, आणि समोर ती रेषा. बघता बघता वीणाला लाल गडी आणि पांढरे गडी दिसेनासे व्हायचे. लाल पेशी आणि पांढऱ्या पेशी वाहताना दिसायच्या, एकमेकींवर आपटून सुट्या होणाऱ्या. मध्यंतरात बर्फावर गरम पाणी सोडणारी गाडी फिरायची. गरम पाणीच लागतं म्हणे, बर्फ गुळगुळीत बसतो त्यानं. गाडीमागून वाफ उठायची आणि पाठीमागे काळंभोर चकचकीत पाणी पसरत जायचं, आणि त्यात छताचे दिवे उलटे लागायचे. वीणा त्या दिव्यांत हरवून जायची. मॉरीननं काचेवर टकटक केल्याशिवाय तिला भान यायचं नाही.

सप्टेंबरातल्या एका रविवारी बाहेर उकडत होतं आणि आत धुकं धरलं. बर्फातूनच वर आलं ते. आधी बूट गेले, मग गुडघे, मग निम्मे खेळाडू. चकतीच दिसेना, तेव्हा रेफ्रीनं खेळ थांबवला आणि दोन्ही संघांना रिंकभर, म्हणजे त्या बर्फाच्या अंगणभर, फिरायला सांगितलं. फिरलं की हवा हलते, धुकं मोडतं. मग आत्तापर्यंत एकमेकांच्या बरगड्या मोडायला निघालेले ते चाळीस दांडगे खांद्याला खांदा लावून गोल गोल फिरू लागले, हळूहळू, एक शब्द न बोलता. धडं तेवढी तरंगत जात होती. पाय कुणालाच नव्हते. वीणाच्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते तिला सांगता आलं नसतं. घरी आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “काय गं, झाली का तुझी मॅच?” आणि तिनं मान झुलवली.

तो २००५चा सीझन होता, आणि त्या सीझनमध्ये एकच गोष्ट व्हायची होती. लीगमधले पहिले आठ संघ पुढच्या बाद फेरीला, प्लेऑफला, जायचे, आणि बगळे गेली तीन वर्षं नववे येत होते. दर वर्षी नववे! याला दळभद्रीपणा म्हणतात. यंदा आठवा नंबर मिळावा, एवढंच मॉरीनला हवं होतं, बस चालवणाऱ्याला हवं होतं, चहाच्या टपरीवालीला हवं होतं. आणि वीणाला? तिला तर बोलायचीही चोरी. पण जीव सगळ्यांपेक्षा जास्त तिचाच टांगणीला लागलेला. शनिवारी संध्याकाळी पाहुणे आले असले तरी ती पोह्यांच्या बश्या ठेवून हळूच टीव्हीपाशी जायची आणि टेलिटेक्स्टच्या पानावर बगळ्यांचा स्कोअर यायची वाट बघायची. मराठी मंडळातली मंजिरी एकदा म्हणालीसुद्धा, “वीणाताई, शेअर्स घेतलेत की काय हो?”

सगळ्यांत जास्त माया होती ती डॅरनवर. डॅरन बगळ्यांचा गोलकीपर, एरवी प्लंबर. तीन वर्षं तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा, आणि तिनं त्याची फक्त पाठ पाहिलेली. त्या पाठीवरून तिला सगळं कळायचं. थकला की डावा खांदा उतरायचा. चिडला की काठीनं दोन्ही खांबांना टकटक करायचा, एकदा डाव्या, एकदा उजव्या. तोंडावर कायम जाळीचा मुखवटा. मॅच संपली की तो सरळ आत जायचा आणि ती थर्मास पिशवीत भरायची.

डिसेंबरात बगळे दहावे होते. जानेवारीत ओळीनं चार मॅच जिंकले आणि नववे झाले. त्या दिवसांत वीणाला दुपारी सोफ्यावर डुलकी लागली की एकच स्वप्न पडायचं. इल्फर्डचा हमरस्ता गोठलेला आहे. बायका भाजीच्या पिशव्या घेऊन घसरत बसस्टॉपकडे निघाल्यात, कुणी पडत नाही, कुणाला घाई नाही. डॉक्टर सोफ्यावर बसून पेपर वाचत तसेच घसरत समोरून जातात, आणि ती त्यांना हात करते. जाग आली की पाय गार पडलेले असायचे.

मार्चमधल्या शेवटच्या रविवारी आकडेमोड संपली होती. बगळ्यांनी सील्स नावाच्या संघाला हरवलं तर आठवा नंबर. मॅच बरोबरीत सुटली तरी नववा.

“मी येऊ का बघायला?” डॉक्टर म्हणाले. “आज मला काही कॉल नाहीये.”

वीणानं मान झुलवली आणि डॉक्टर मफलर बांधून आले.

ती मॅच वीणाला पुढे कधी नीट आठवली नाही. तुकडे आठवायचे. बर्फावर आडवी पडलेली लांब सावली. डॅरनचा उतरलेला डावा खांदा. तीन-दोन. बगळे पुढे. घड्याळात एक मिनिट. सील्सनं आपला गोलकीपर काढून सहावा गडी आत घातला आणि सगळे मिळून डॅरनवर तुटून पडले. तो खाली बसला, उठला, पुन्हा पडला. त्याच्यावर चार जण पडले. त्या ढिगाऱ्याखालून, डॅरनच्या पायावरच्या जाड पॅडखालून, काळी चकती संथ सरकत आली. वीणाला ती फार संथ वाटली. रेषेवर आली. रेषा ओलांडली. रेषेच्या आणि चकतीच्या मध्ये बोटभर पांढरा बर्फ दिसला.

आणि मग वेळ संपल्याचा भोंगा वाजला. वीणाचा अंगठा भोंग्याबरोबर दाबला गेला. चकती भोंग्याच्या आधी गेली होती. अंगठा पाव सेकंद मागे राहिला. घड्याळ शून्यावर, वीज तुटलेली. दिवा पेटला नाही.

रेफ्री काचेपाशी आला. उत्तर इंग्लंडातून, यॉर्कशायरहून आलेला नवा माणूस होता तो. त्यानं ओरडून विचारलं, “भोंग्याच्या आधी आत होती?”

वीणानं मान झुलवली. तिच्या सतरा प्रकारांतला तो सगळ्यांत स्वच्छ हो होता.

रेफ्रीनं मान डोलावली, तो वळला, आणि त्यानं दोन्ही हात आडवे पसरले. गोल नाही.

त्याची तरी काय चूक म्हणा! काचेवर वाफ धरलेली, आत एक बाई मान इकडून तिकडे हलवतेय. यॉर्कशायरच्या माणसानं त्याचा दुसरा काय अर्थ लावायचा?

छप्पर उडून जाईल असा गलका झाला. बगळ्यांनी हातमोजे, हेल्मेटं, काठ्या सगळं हवेत फेकलं. कॅप्टन गुडघ्यांवर घसरत मध्यापर्यंत गेला. मॉरीन, सत्तरीची मॉरीन, टेबलावर चढली. वीणा खुर्चीत तशीच. अंगठा अजून बटणावर.

खोपट्याचं दार उघडलं. डॉक्टर होते. गर्दीतून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती.

“वीणा, तू हो म्हणालीस ना?”

ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

“मी समोरून बघत होतो. तू हो म्हणालीस. त्या माणसाला कळलंच नाही.” तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिची मान बरोबर वाचली होती, आणि वेळ बघा! मग त्यांनी बर्फाकडे पाहिलं. नाचणारे बगळे पाहिले. आवाज खाली आणून म्हणाले, “जाऊ दे गं. नॉट युअर फॉल्ट. तू तुझं सांगितलंस, त्यानं ऐकलं नाही. कुणाला कळणारे? जिंकले ना तुझे लोक? चल, घरी जाऊ.”

आणि खरं सांगायचं तर वीणाला घरीच जायचं होतं. फार वाटलं तिला, की यांनी आत्ता हाताला धरून न्यावं, नेहमीसारखं. आठवा नंबर! एवढी एकच तर गोष्ट हवी होती. आपण खोटं कुठे बोललोय? पण तिच्या डोळ्यांसमोरून तो बोटभर पांढरा बर्फ हलेना. पंचवीस वर्षं तिनं जे दिसलं तेच लिहिलं होतं. समोर कुणाचंही रक्त असो. पलीकडे टेबलापाशी रेफ्री पेन शोधत होता. स्कोअरशीटवर त्याची सही झाली की मॅच संपली, मग देवाला सांगून उपयोग नाही.

“नाही,” वीणा म्हणाली.

“काय नाही?”

“नाही येणार मी घरी. सरका जरा.”

बाहेरचा रस्ता माणसांनी तुंबला होता. वीणानं काचेच्या भिंतीतलं छोटं दार ढकललं आणि बर्फावर पाय ठेवला. तीन वर्षं ती या बर्फापासून हातभर अंतरावर बसली होती आणि एकदाही त्यावर उभी राहिली नव्हती. साधे लॅबमध्ये घालायचे बूट. दोन पावलांत ती घसरली. कॅप्टननं पाहिलं. त्याला वाटलं बाई अभिनंदनाला आल्या. तो हसत आला, त्यानं एक दंड धरला, दुसऱ्या एकानं दुसरा, आणि दोघांनी तिला अलगद, जवळजवळ उचलून, टेबलापर्यंत नेलं. वाटेत कुणी तिच्या डोक्यावर मायेनं थोपटलंसुद्धा. त्या वीस पावलांत वीणाला असं वाटत होतं, की ही रिंक संपूच नये, यांनी असंच धरून ठेवावं, टेबल कधी येऊच नये.

टेबल आलं.

“इट वॉज इन,” ती म्हणाली. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाली. “भोंग्याच्या आधी आत होती. मी हो म्हणाले होते.”

“तुम्ही मान हलवलीत,” रेफ्री म्हणाला.

“आमच्यात हो असंच म्हणतात. माझी चूक. मी तोंडानं सांगायला हवं होतं. गोल झाला. येस.”

कॅप्टनच्या हातातला तिचा दंड सुटला. मॉरीन टेबलावरून खाली उतरली, तिनं वीणाकडे पाहिलं. रेफ्रीनं पेन खिशात ठेवलं.

पुढे व्हायचं ते झालं. तीन-तीन. वीणा पुन्हा खोपट्यात जाऊन बसली आणि पाच मिनिटं जादा खेळवली. थकलेल्या, हातमोजे पुन्हा शोधून घातलेल्या माणसांनी काय गोल करायचा? बरोबरी. एक गुण. नववा नंबर. लोक उठून निघाले, आणि जाता जाता काहींनी खोपट्याच्या काचेवर थापा मारल्या, काहींनी जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. डॉक्टर खोपट्याच्या दारात पाठ करून उभे राहिले आणि कुणाला आत येऊ दिलं नाही. वीणा शालीची घडी घालत होती. तिची घडी काही केल्या जमेना.

सगळे गेल्यावर काचेवर टकटक झाली.

डॅरन होता. मुखवटा काढून हातात धरलेला. वीणानं त्याचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. चाळिशीला आलेला माणूस. केस घामानं कपाळाला चिकटलेले, एक भुवई शिवलेली. तिला वाटलं आता हा ओरडणार. ओरडायलाच हवं होतं त्यानं. त्याचा शेवटचा सीझन होता तो, मॉरीननंच सांगितलं होतं.

“आत होती,” डॅरन म्हणाला. “पॅडखालून गेलेली मला कळली. मला पहिल्यापासून माहीत होतं.” तो तिच्याकडे न बघता बर्फाकडे बघत होता. “रेफ्री तुला विचारत होता तेव्हा मी तिथेच होतो. मी गप्प बसलो.”

काही तरी समजुतीचं बोलावं, असं वीणाला वाटलं. तिनं काचेला हात टेकला.

“मलासुद्धा,” ती म्हणाली, “फार गप्प बसायचं होतं रे.”

आणि मग ती रडली, बगळ्यांच्या नवव्या नंबरासाठी, मोठ्यानं, कुणाच्या तरी बाजूची असल्यासारखी.